पोट भरले की चालत नाही

आमच्या घरात इंजिन आले त्याला दोन वर्षे झाली. त्याआधी घरचे सगळे बैलांच्या नाहीतर अण्णांच्या पायांवर चालत होते. अण्णा पहाटे गावातले दूध गोळा करून कोरेगावात रतीब घालतात. गुडघे सायकलला नाही म्हणू लागले तेव्हा त्यांनी २०१२ सालची एक जुनी, शंभर सीसीची मोटारसायकल बावीस हजारांना घेतली. कागदपत्रे मी वाचली, सही त्यांनी केली. "एका हाताची गाडी आहे," असे विकणारा म्हणाला होता. ती किती हातांची होती ते पुढे मिस्त्री लोकांनी सांगितले.

पहिले वर्ष बरे गेले. गेल्या वर्षी वळवाचे पाऊस सुरू झाले आणि गाडी मिसिंग मारू लागली. चालता चालता आचके देई, सायलेन्सरमधून फटफट आवाज काढी आणि कधी कधी वाटेतच गप्प होई. दहा-पंधरा मिनिटे थांबून किक मारली की जणू काही झालेच नाही अशी चालू. दुसऱ्या कुणाला ही दहा-पंधरा मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण दुधाचा धंदा घड्याळाचा. सात वाजून गेले की गिऱ्हाईक पिशवीचे दूध आणते, आणि एकदा पिशवी घरात शिरली की ती रोजच येऊ लागते. महिन्याभरात आमची पाच घरे गेली.

अगदी पहिल्याच दिवशी अण्णा मला म्हणाले होते, "टाकी भरली की लौकर बंद पडतीया बघ. पोट भरलं की चालत नाय हिचं."

मी हसलो. म्हणालो, "अण्णा, ती काय म्हैस आहे का? पेट्रोल कमी असले तर गाडी बंद पडते, जास्त असल्यावर कशी पडेल?"

ते काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी एखादी गोष्ट ठासून सांगितली की ती पुस्तकात असणार, अशी त्यांची समजूत आहे. मी वाचतो राज्यशास्त्र; गाडीच्या इंजिनाविषयी मला तेव्हा त्यांच्याइतकेही ज्ञान नव्हते. पण मोबाईलवर चार चित्रफिती पाहिल्या होत्या, आणि तेवढ्यावर माणूस किती ठासून बोलू शकतो हे मी स्वतःवरून सांगतो.

मग मिस्त्री झाले. एकाने प्लग बदलला. दुसऱ्याने कॉइल बदलली, कारण तापल्यावर बंद पडून निवल्यावर चालू होणे हे कॉइल जाण्याचे लक्षण असते. ते खोटे नाही. तिसऱ्याने कार्बोरेटर खोलून, जेटमध्ये फुंकर मारून परत बसवला. प्रत्येकाकडून गाडी निघताना घड्याळासारखी चाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या! शेवटी मीच निकाल दिला, की कार्बोरेटरच नवा घालावा. त्याचे चौदाशे रुपये झाले. आईने वाढवलेले करडू त्यासाठी विकले. नवा कार्बोरेटर बसवून गाडी आणली, वाटेत टाकी फुल्ल केली, आणि पंपापासून चार किलोमीटरवर, भर उन्हात, ती बंद पडली.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. करडाची दावी गोठ्यात तशीच लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी मी इतिहासाच्या वहीची मागची पाने फाडून एक वेगळी वही शिवली. रोज संध्याकाळी अण्णा सांगत आणि मी लिहून घेई. कुठे बंद पडली? निघाल्यापासून किती किलोमीटरवर? टाकीत पेट्रोल किती होते? पाऊस होता की ऊन? आचके देत थांबली की श्वास कोंडल्यासारखी हळूहळू? अण्णांची शाळा दुसरीपर्यंत. आकडे येतात, अक्षरे अडखळतात. पण आठवण अशी, की आठ दिवसांपूर्वी कोणत्या बाभळीखाली गाडी थांबली होती तेही त्यांनी सांगितले. एवढे सगळे त्यांच्याजवळ होते, आणि आम्ही तिन्ही मिस्त्रींना काय सांगत होतो? तर, "बंद पडते." मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टरपुढे जाऊन नुसते "दुखते" म्हटले तर तो तरी काय करील?

बारा दिवसांनी वही पाहिली तेव्हा कळले, की गाडीला एक नव्हे, दोन आजार होते. आचके आणि फटफट सगळी पावसाच्या किंवा दाट धुक्याच्या दिवशी. श्वास कोंडून थांबणे मात्र कोरड्या दिवशीही. आणि टाकी काठोकाठ असली की तीन-चार किलोमीटरवर, निम्मी असली की नऊ-दहावर. अण्णांचे पहिल्या दिवसाचे वाक्य माझ्याच अक्षरात माझ्यासमोर मांडलेले होते.

पेट्रोलच्या इंजिनाला हवेत मिसळलेले पेट्रोल लागते, ते दाबले जावे लागते आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. आमचे चार फटक्यांचे इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर त्यात दोन हजार वेळा पेट्रोल पेटते. त्यातल्या काही वेळा ते पेटलेच नाही तर जो आचका बसतो त्यालाच मिसिंग म्हणतात. दमट हवेतच मिसिंग होत असेल तर आधी विजेच्या वाटेवर संशय घ्यावा. म्हणून एका अंधाऱ्या रात्री आम्ही गाडी अंगणात चालू केली, आईने घरातला दिवा मालवला आणि मी प्लगच्या टोपीवर हाताने थोडे पाणी शिंपडले. टोपीपासून इंजिनाच्या पात्यावर बारीक निळी ठिणगी टकटक उडू लागली आणि इंजिन अडखळू लागले. "अगं बाई, काजवाच की!" आई म्हणाली. टोपीला केसासारखी चीर होती. प्लगला मिळायची वीज ओलाव्यातून बाहेरच्या बाहेर निघून जात होती. नवी टोपी ऐंशी रुपयांना आली.

राहिले बंद पडणे. सध्या आमच्याकडे कोणतीही गाडी अडली की इथेनॉलला दोष देण्याची रीत आहे. २०२५ मध्ये पंपावरच्या पेट्रोलातले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, आणि त्यात जास्त पाणी शिरले तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते, हे खरे आहे. आम्ही टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहिले. तळाला वेगळा थर नव्हता. जुन्या गाडीला इथेनॉलचा काहीच त्रास होत नाही असे मी म्हणत नाही. पण आमच्या खटल्यात तो आरोपी सुटला.

रविवारी टाकी भरून आम्ही दोघे मुद्दाम निघालो. गाडी थांबली त्याच क्षणी उतरलो. आजवर इथेच चुकत होते. थांबून राहिले की पुरावाच नाहीसा होई. प्लगची टोपी काढून तिच्यात जुना प्लग बसवला, त्याचा धातू इंजिनाला टेकवला आणि अण्णांनी किक मारली. ठिणगी निळी, ठसठशीत. म्हणजे कॉइल निर्दोष. मग ती जोडणी पूर्ववत करून कार्बोरेटरच्या वाटीखालचा बारीक स्क्रू सैल केला आणि खाली बाटली धरली. कॉक चालू, टाकी गच्च, आणि पेट्रोल आले चार थेंब! मी अण्णांना म्हटले, "आता झाकण उघडा." त्यांनी किल्ली फिरवली. सुस्स करून टाकीने हवा आत ओढली आणि बाटलीत धार लागली.

किराणा दुकानदार तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून थांबत नाही. समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडतो, कारण हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. टाकीच्या झाकणालाही तसे बारीक छिद्र असते. आमचे मातीने जवळजवळ बुजले होते. पेट्रोल खाली उतरे, त्याच्या जागी हवा येत नसे, आतला दाब कमी होई आणि पेट्रोल वरच अडकून राही. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच थोडी. त्यामुळे थोडेसे पेट्रोल गेले तरी दाब झपाट्याने उतरे. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हवा झिरपून आत येई, आणि आम्ही समजत होतो की कॉइल निवली! मिस्त्रींकडे गाडी नीट का चाले तेही उलगडले. तिथे झाकण उघडले जाई, आणि तपासायची फेरी असे गल्लीच्या टोकापर्यंतची.

घरी येऊन स्टोव्हच्या पिनेने छिद्र मोकळे केले. खर्च काही नाही.

वाटेत मी म्हणालो होतो, "अण्णा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितले होते."

"सांगितलं व्हतं खरं," ते म्हणाले. "पर तू हासलास. म्हनलं, आसल कायतरी माझंच चुकत."

यावर मला काही बोलता आले नाही. अजूनही सुचलेले नाही.

पाचांपैकी तीन घरे परत आली. जुना कार्बोरेटर फळीवर आहे. त्यात कसलाही दोष नव्हता. वही आता गाडीच्या पिशवीत असते आणि मी कॉलेजला गेलो की अण्णा स्वतः लिहितात. फक्त आकडे: तारीख, किलोमीटर, पेट्रोल. परवा एका तारखेपुढे त्यांनी नुसता एक गोल काढला होता. मी विचारले, हे काय?

म्हणाले, "त्या दिशी काय झालंच नाय."