कुरतडलेली पानं

१४ फेब्रुवारी
आजपासून कठड्यावर ज्वारी-बाजरी टाकणं बंद. दोन वर्षं टाकत होते आणि आले ते पारवेच. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा खोकला हटत नाही. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून जिवाला लागलं. पारव्याला घरट्यासाठी कडेकपारी लागतात, त्या आमच्या इमारतींनी दिल्या. दाणे मी देत होते. शिंजीर, शिंपी, तांबट हे पक्षी मुळात दाणे खाणारे नाहीतच. त्यांना काय हवं असतं, ते आता पाहायचं.

३ मार्च
पाण्यापासून सुरुवात केली. मातीची पसरट थाळी, त्यात दोन बोटं पाणी आणि मधोमध एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतात. जमिनीवर ठेवली तर मांजर टपून बसतं. म्हणून उंच तिवईवर ठेवली, दडायला झुडूप नाही अशा मोकळ्या जागी. कढीपत्त्याची फांदी मात्र एका झेपेवर आहे. सोसायटीत डासांची शंका निघाली. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर लागतो. मी रोज सकाळी थाळी काथ्याने घासून पाणी बदलते, असं सांगितलं. सर्वांना पटलं. अकराच्या उन्हात नारद बुलबुलांची जोडी आंघोळीला आली. शेंड्या भिजल्यावर दोघं किती लहान दिसतात!

२३ मार्च
तुती पिकली आहे. सकाळभर बुलबुल, ठिपक्यांची कोकिळा आणि चष्मेवाल्यांची किलबिलती टोळी. झाडाच्या वरची फळं त्यांची, हाताला येतील तेवढी आमची.
शेवग्याची वाळकी फांदी यंदा तोडली नाही, त्याचं फळ आज मिळालं. तांबटाची जोडी तिच्या खालच्या अंगाला भोक पाडते आहे. तांबटाला घर कोरायला असं मेलेलं, भुसभुशीत लाकूडच लागतं. आपण बाग नीटनेटकी करतो म्हणजे नेमकी त्याची जागा तोडतो. डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं जातात, खिडक्या थरथरतात, पण त्याचं काम थांबत नाही.

११ एप्रिल
कपडे वाळत घालायच्या जुन्या तारेला कचऱ्यासारखं काहीतरी लोंबताना दिसलं. काढायला हात पुढे केला आणि तेवढ्यात शिंजिराची मादी चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन आली. घरटं! सालीचे तुकडे, वाळकी पानं, काटक्या, सगळं जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं. दाराशी वळचणीसारखं छप्पर. म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं मी झाडून टाकत होते, ते हिचं बांधकामाचं सामान होतं. बाहेरच्या भिंतीची जळमटं आता तशीच राहतील. कपडे आत वाळत घालू.

२६ एप्रिल
फवारणीवाला आला. झाडांना कीड लागल्याची कोणीतरी तक्रार केली होती.
“दादा, आमच्या खिडकीखालची झाडं तेवढी सोडा.”
“मॅडम, पानं बघा की, चाळण झालीय नुसती.”
“राहू द्या ती चाळण.”
कढीपत्त्याची पानं कुरतडतात त्या फुलपाखरांच्या अळ्या. सेक्रेटरींना तसं लिहून दिलं आणि आमच्या बाजूची जबाबदारी घेतली. मागच्या कुंपणाच्या जास्वंदी मात्र वाचल्या नाहीत. त्या पांढरट औषधाखाली कोळी, मावा, अळ्या सगळंच गेलं. रोज तिथे ‘टुविट टुविट’ करत फिरणारा शिंपी संध्याकाळपर्यंत फिरकला नाही. वाईट वाटलं. आधीच सांगून ठेवायला हवं होतं.

९ मे
पिल्लं निघाली. दोन चोची दारातून दिसतात. शिंजीर फुलातला मध पिणारा, म्हणून मी हमेलिया आणि जास्वंद लावली. पण सकाळच्या अर्ध्या तासात आईबाप अकरा वेळा आले आणि जे दिसलं ते कोळी आणि बारीक अळ्या. वाढत्या अंगाला मध पुरत नाही, किडेच लागतात. बुलबुल एरवी फळं खातो, पण तोही पिल्लांना किडे भरवतो. बागेला पक्षी हवे असतील तर आधी किडे हवेत. चाळण झालेलं पान हीच या बागेची तब्येत.

२३ मे
घरटं रिकामं. एक पिल्लू सकाळी कढीपत्त्यात बसलेलं पाहिलं. दुसऱ्याच्या मागे कावळा लागला होता. त्याचं काय झालं कळलं नाही. कावळ्यालाही पिल्लं आहेतच. तरी दिवसभर डोळे तारेकडे जात राहिले.

२० जून
पावसाने जोर धरला आहे. तुतीखालचा पाचोळा झाडून नेऊ नका, असं माळीदादांना सांगितलं. आज दयाळ त्यात उतरला. शेपटी उभारून पाचोळा उलटत होता. एक गांडूळ ओढून घेऊन गेला.

५ नोव्हेंबर
पक्षी सप्ताह सुरू झाला. आज मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. त्या दोघांमधला हा आठवडा महाराष्ट्राने २०२० पासून पक्ष्यांसाठी ठेवला आहे. सकाळी पिवळाधमक हळद्या तुतीच्या शेंड्यावर बसला होता, हिवाळ्याचा पाहुणा.
रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत. मार्चमध्ये घर रिकामं करायचं. आमच्या पार्ल्यात गल्लोगल्ली हेच चाललं आहे. इमारत पुन्हा उभी राहते, मागचे तुती-शेवगा तेवढे परत येत नाहीत. म्हणून श्रावणातच तुतीच्या वीतभर काड्या दुधाच्या पिशव्यांत लावून ओळखीच्या घरी वाटल्या. काडीपासून तुती सहज धरते. आमची पडेल तेव्हा जवळपास दुसऱ्या उभ्या असाव्यात, एवढीच इच्छा.
दुपारी समोरच्या गल्लीतल्या ताईंचा फोन आला. “अगं, तुझी तुती छान फुटलीय, पण पानांना भोकं पडायला लागलीत. कुठलं औषध मारू?”
म्हटलं, “काही मारू नका ताई. जवळच उंचावर पाण्याची थाळी ठेवा.”