काटा – काढू नये

सर्व्हरच्या पाठीमागे, सिरियल पोर्टात खोचलेल्या वायरीशेजारी कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. त्यावर मार्करनं लिहिलेलं : ‘काटा – काढू नये’. अक्षर कुणाचं, हे कारखान्यात कुणालाच सांगता येईना. चिकटपट्टी पिवळी पडली होती, कडांना धूळ धरली होती, शब्द मात्र ठळक होते.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. २००५ साली घेतलेला टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २००३, आत ३६ जीबीच्या तीन स्कझी डिस्का रेड फाइव्हमध्ये. स्क्रॅपची गाडी वजनकाट्यावर चढली की तिचं वजन या मशीनमध्ये उतरायचं आणि पावती छापून निघायची. सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं. लिहिणारा कधीच सोडून गेलेला, इन्स्टॉल करायची सीडी नाही. मायक्रोसॉफ्टनं या विंडोजचा सपोर्ट १४ जुलै २०१५ रोजी थांबवला, त्यालाही बरीच वर्षं होऊन गेली होती. आणि आता एका डिस्कवर पिवळा दिवा लागला होता. रेड फाइव्हमध्ये एक डिस्क गेली तरी काम चालतं. दुसरी गेली की सगळंच जातं. नव्या मशीनवर सगळं नव्यानं उभारायची सोय नव्हती. म्हणून अख्खा सर्व्हर जसाच्या तसा उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये न्यायचा ठरला. आमच्या धंद्यात याला पी-टू-व्ही म्हणतात.

सर्व्हर बंद करून निवांत कॉपी घ्या, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं होतं. मी नको म्हणालो. वर्षानुवर्षं अखंड फिरलेली डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. शिवाय पूर्ण डिस्क वाचून काढणं म्हणजे आधीच आजारी असलेल्या रेडला पळवणं. म्हणून सगळ्यात आधी डेटाबेस आणि सॉफ्टवेअरचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर घेतलं. रात्री काटा बंद झाला, नोंदी थांबल्या, डेटाबेसची सर्व्हिस थांबवली आणि मगच इमेज घ्यायला लावली. या क्रमाबाबत मी हट्टी आहे. इमेज पुन्हा घेता येते, गेलेल्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत.

पहाटे नवं मशीन सुरू केलं. विंडोजचा लोगो आला, खालची पट्टी थोडी सरकली, निळा पडदा लकाकला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. परत तेच, परत तेच. एफ-एट दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं, तेव्हा पडदा स्थिर राहिला : स्टॉप ७बी, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

हा कोड पाहिला की नवी मुलं म्हणतात, कॉपी खराब झाली, परत घेऊ. पण कॉपी खराब असती तर लोगोपर्यंत गाडी आली असती का? लोगो येईपर्यंत बूट लोडर बायॉसच्या मदतीनं डिस्क वाचत असतो. म्हणजे पार्टिशन ठीक, बूट फाइल ठीक, कर्नल मेमरीत आलेलं. त्यानंतर कर्नल बायॉसचं बोट सोडून स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क वाचायला जातं. त्याच्याकडे ड्रायव्हर होता जुन्या रेड कार्डाचा, आणि इथं तर समोर इंटेलचा साधा आयडीई कंट्रोलर! नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर डिस्कवर असला तरी डिस्क दिसल्याशिवाय तो मिळणार कसा? लॅचचं दार ओढून घ्यावं आणि किल्ली आत टेबलावर राहावी, तशी गत. म्हणून ज्या ड्रायव्हरांची ‘स्टार्ट’ किंमत ० असते, त्यांना बूट लोडर आधीच मेमरीत उचलून आणतो. आपला ड्रायव्हर त्या यादीत नव्हता, एवढाच दोष.

बिघाडाच्या वेळी सगळे चुकलेल्या गोष्टीकडे बघतात. मी आधी बरोबर काय झालं ते मोजतो. जिथपर्यंत बरोबर आहे तिथपर्यंतचे सगळे संशयित सुटतात.

तीच डिस्क मी दुसऱ्या एका चालू व्हर्च्युअल मशीनला दुय्यम म्हणून जोडली, तिच्यातली ‘सिस्टिम’ नावाची रजिस्ट्रीची फाइल रेजएडिटमध्ये लोड केली. इथं शिकाऊ माणूस हमखास अडतो, कारण त्याला ‘करंट कंट्रोल सेट’ सापडत नाही. तो फक्त चालत्या विंडोजमध्ये असतो. बंद डिस्कवर ‘कंट्रोल सेट ००१’, ‘००२’ असे क्रमांक असतात आणि त्यातला चालू कुठला हे ‘सिलेक्ट’ या कीमध्ये लिहिलेलं असतं. आयडीई ड्रायव्हरची किंमत ४ होती, म्हणजे बंद. ती ० केली, क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये नव्या कंट्रोलरची ओळख भरली. ड्रायव्हरची फाइल जागेवर नव्हती, ती त्याच डिस्कवरच्या ड्रायव्हर डॉट कॅबमधून काढून ठेवली. पुढच्या वेळी पट्टी शेवटपर्यंत सरकली आणि लॉगिन आलं.

नेटवर्कचा अडथळा छोटा होता. जुना आयपी पत्ता नव्या कार्डाला द्यायला गेलो, तर विंडोज म्हणे तो दुसऱ्या कार्डाकडे आहे. घर सोडून गेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर राहावं, तसं जुनं कार्ड रजिस्ट्रीत राहिलेलं. नसलेली उपकरणं दाखवायला लावली की ती फिकट दिसतात; ती काढून टाकली. जुन्या हार्डवेअरवर नजर ठेवणाऱ्या सर्व्हिसही काढल्या, कारण आता नजर ठेवायला तिथं काही नव्हतं.

सकाळी आठला पहिली गाडी काट्यावर आली. सिरियलची वायर आता एका छोट्या डबीत जात होती. डबी ती माहिती नेटवर्कवरून व्हर्च्युअल मशीनच्या कॉम पोर्टला पोचवणार होती. काट्यावरच्या मामांनी हाक मारली, “साहेब, वजन धड दिसंना झालंय. गाड्या थांबल्यात बघा.”

स्क्रीनवर आकडा येत होता, पण मध्येच भलतीच चिन्हं. मामांच्या इंडिकेटरवर लाल अक्षरांत १६३५०. माझ्याकडे पहिल्या आकड्याच्या जागी काहीतरी वेडंवाकडं आणि मग ६३५०. मॅनेजरसाहेब मागे येऊन उभे राहिले. जुनाच सर्व्हर परत जोडू या, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या.

वेग चुकला असता तर सगळीच अक्षरं बिघडली असती. इथं चार आकडे नीट होते. पुढच्या दोन गाड्यांची वजनं कागदावर लिहून काढली. ०, ३, ५, ६, ९ दर वेळी बरोबर येत होते. १, २, ४, ७, ८ दर वेळी बिघडत होते. मामा शेजारी बसून आकडे सांगत होते, मी त्यांचे आस्की कोड बायनरीत मांडत होतो. ० मध्ये दोन १, ३ मध्ये चार, ५ मध्ये चार. आणि १ मध्ये तीन, २ मध्ये तीन, ७ मध्ये पाच. सम संख्या असलेले नीट, विषम असलेले बिघडलेले! म्हणजे काटा सात बिट आणि इव्हन पॅरिटीनं बोलत होता, आणि मी डबीत नेहमीप्रमाणे आठ बिट, पॅरिटी नाही असं लावलं होतं. बिघडलेल्या आकड्यांसोबत येणारा पॅरिटीचा १ डबी आठवा बिट समजत होती. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली आयएनआय फाइल उघडली, तर तिथं सरळ लिहिलेलं : २४००, ई, ७, १. ती मी रात्रीच वाचायला हवी होती. जुन्या डिव्हाइस मॅनेजरमधला वेग तेवढा पाहून मी पुढं गेलो होतो, त्यामुळे तीन गाड्या उन्हात खोळंबल्या.

डबीचं सेटिंग बदललं. चौथी गाडी काट्यावर चढली. मामांनी इंडिकेटरचा आकडा मोठ्यानं वाचला, मी स्क्रीनवरचा वाचला, दोन्ही जुळले. तरी मामांनी गाडी पुढं घेऊन परत काट्यावर आणायला लावली. पुन्हा जुळले, तेव्हा कुठं त्यांनी पावती फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली.

जुना सर्व्हर मी महिनाभर तसाच चालू ठेवायला सांगितला, नेटवर्कची वायर काढून. निघण्याआधी त्याच्या मागं बसलो, रिकाम्या पोर्टाशी लोंबणारी ती कागदाची पट्टी नखानं हळूच सोडवली, आणि नवी चिकटपट्टी लावून डबीतल्या वायरीवर बसवली.