श्वासाचा हिशेब

सोलापूरचा उन्हाळा ज्यानें भोगला नाहीं, त्यास घामाची थोरवी सांगून पटावयाची नाहीं. वैशाखांत येथील पारा ४० अंशांच्या वर चढतो. पण आमच्या देहांतील उष्णता ३७ अंशांच्या आसपासच राहते. अंगावरचा एक लिटर घाम वाळला, म्हणजे सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आमची हवा कोरडी, म्हणून हा व्यवहार सुखानें चालतो. मुंबईचे पाहुणे आमच्या उन्हास नांवें ठेवतात. परंतु त्यांच्या दमट हवेंत घाम नुसता वाहतो, वाळत नाहीं, हें ते विसरतात.

देहाच्या या आंतल्या समतोलाचा विचार एकोणिसाव्या शतकांत क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें मांडला. वॉल्टर कॅनन या अमेरिकन पंडितानें १९३२ सालीं त्यावर ग्रंथच लिहिला. मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतला दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात. फुप्फुसांतील कोट्यवधि वायुकोश रक्तास प्राणवायु देतात आणि कर्बद्विप्राणिद वायु काढून घेतात. नवल असें कीं, आपण श्वास घेतों तो बहुधा प्राणवायु कमी पडला म्हणून नव्हे. रक्तांत कर्बद्विप्राणिद वाढूं लागला कीं मेंदूच तशी आज्ञा करतो. कोणा सावकाराची वहीही इतकी चोख नसेल!

हें वाचतांना आम्हांस आपल्या गिरण्यांचें स्मरण होतें. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी आज उरली नाहीं. यंत्रमागांची खडखड मात्र अजून ऐकूं येते. सूत कोरडें पडलें कीं तुटतें, म्हणून गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत. जो कोरडेपणा माणसास तारतो, तोच सुतास मारतो. आणि या तंट्यांत निकाल बहुधा सुताच्याच बाजूनें लागत आला.

दुसरा शत्रु कापसाची धूळ. तिच्यापासून होणाऱ्या विकारास बायसिनोसिस म्हणतात. सुटीहून परतल्याच्या पहिल्या दिवशीं छाती आवळते; पुढें आठवडाभरांत ती सैल पडते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. अशीं वर्षें लोटलीं, म्हणजे मग ती सैल पडतच नाहीं. कापूस पिंजण्याच्या खात्यांत आयुष्य घालविलेले आमचे एक वृद्ध शेजारी जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबतात. विचारलें तर "वय झालें" म्हणतात. वय झालेंच आहे. पण त्यांच्याच वयाचे आमच्या आळींतले पेन्शनर गृहस्थ तोच जिना बोलत बोलत चढतात!

देह सांभाळून घेतो, यालाच आपण त्याची संमति समजतों. धूळ खेचून घेणारीं यंत्रें, नाकातोंडावर आवरण, वेळोवेळीं श्वासाची तपासणी हे उपाय कांहीं गुप्त नाहींत. अडतें तें खर्चापाशीं. परंतु मालकाच्या वहींत वांचलेला तो खर्च कामगाराच्या छातींत नांवें पडलेला असतो, आणि ती बाकी कोणत्याही दिवाळींत फिटत नाहीं.