पहिली सुई कुणाच्या हातावर?

मालेगावहून सकाळच्या एसटीने निघालो. चांदवडचा घाट, पिंपळगावच्या द्राक्षबागा, ओझर मागे टाकून नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो. तिथून रिक्षाने दिंडोरी रोडवरचे म्हसरूळ. इथेच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. सोबत भाची होती. युनानीचा साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून ती आता इंटर्नशिप करते. तिच्या कागदपत्रांचे काम होते.

१९९८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ साऱ्या राज्याचे. एमबीबीएस, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, सगळ्यांच्या परीक्षा इथूनच होतात. आमच्या मालेगावचे मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजही याच छत्राखाली.

काम आटोपून सावलीत डबा उघडला, तेव्हा भाची म्हणाली, “मामू, पहिल्यांदा रक्त काढताना मला तीनदा सुई टोचावी लागली. मजुरी करणारी आजी होती. म्हणाली, ‘घाबरू नको बेटा, शीक.’ मला रडू आलं.”

आम्ही गप्प झालो. शिकणाऱ्यांच्या पहिल्या चुका बहुधा गरिबांच्याच अंगावर का पडाव्यात? हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या अल-जहरावी यांनी ‘अत्-तसरीफ’मध्ये शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रे काढून दिली. हात लावण्याआधी शरीररचना नीट शिका, हा त्यांचा आग्रह होता.

आज त्या चित्रांच्या पुढची सोय आली आहे. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला की समोर वॉर्ड उभा राहतो. इंटरनेटने जोडलेले अनेक विद्यार्थी एकाच आभासी रुग्णाभोवती जमू शकतात. मालेगावची हकीम, गडचिरोलीची नर्स, रत्नागिरीचा डॉक्टर, आणि शिक्षक सगळ्यांचे काम पाहणार. चूक झाली तरी कुणाला इजा नाही, पुन्हा करता येते. छोट्या कॉलेजांना एकट्याने हे परवडणे कठीण. पण साऱ्या राज्याची कॉलेजे जिथे जोडलेली आहेत, तिथून ते सामायिक उभे करता येईल. त्यातला रुग्ण मात्र मराठी, उर्दू, अहिराणी बोलणारा हवा. इंग्रजीत कण्हणारा नको.

“पण मामू,” भाची म्हणाली, “चष्म्यातल्या हाताला कळ येत नाही. नाडी बोटांनाच कळते.”

खरे आहे. चष्मा आधी, माणूस नंतर. चष्म्याने माणसाची जागा घेऊ नये.

परतीच्या बसमध्ये ती हळूच म्हणाली, “त्या आजीचं नाव विचारायचं राहून गेलं. आता सुई उचलण्याआधी मी नाव विचारते.”