वळसंगची सुती शाल

मैत्रिणींनो, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला तुमच्यापैकी कितीतरी जणी गेल्या असतील. सोलापूर सोडले की साधारण निम्म्या वाटेवर वळसंग लागते. आपण पुढच्या गर्दीच्या काळजीत असतो, म्हणून गाव मागे कधी पडते कळतही नाही. पुढच्या वेळी जरा थांबा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर इथे आहे. मराठीइतकीच कानडीही कानावर येते. आणि उन्हाचे काय सांगू! एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

हे माझे सासर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी सासूबाईंसाठी दोन महिने खपून लोकरीची शाल विणली. त्यांनी ती कौतुकाने शेजारणींना दाखवली आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली. कित्येक वर्षे ती तिथेच! मी मनातून खट्टू होते. एकदा धीर करून विचारलेच, तर म्हणाल्या, "पोरी, शाल लई मऊ हाय. पन अंगावर घेतली की जीव गुदमरतो बघ."

चूक त्यांची नव्हतीच. सोलापूरची चादर घरोघरी गेली ती सुताची. वळसंगलाही सहकारी सूतगिरणी उभी राहिली. अशा मुलखात मी लोकर घेऊन बसले होते!

मग सूत आणले. सुताचा नंबर जितका मोठा तितके ते बारीक, हे लक्षात ठेवा. २० नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लडी. एकेरी धागा क्रोशाला फार नाजूक, म्हणून पिळाचे, जाडसर सूत घ्या. टोक भिजवून पांढऱ्या कापडावर घासून रंग जातो का पाहा.

आता वीण. ९५ साखळ्या घाला. सुईपासून आठव्या साखळीत खांब घाला. पुढे २ साखळ्या घालून, खालच्या २ सोडून तिसरीत खांब, असे शेवटपर्यंत. ३० खिडक्या होतील. परतताना ५ साखळ्या घालून खांबावर खांब घ्या. मध्ये २ साखळ्या विसरू नका. शेवटचा खांब आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्यांपैकी तिसरीत घाला. चार हात लांबी झाली की थांबा. धुतल्यावर दोरीवर टांगू नका, ओले सूत ओघळून लांबते. चटईवर पसरून वाळवा.

ती जाळीदार शाल सासूबाईंनी ट्रंकेत ठेवली नाही. पहाटे अंगणात जाताना खांद्यावर, दुपारी उन्हात डोक्यावर. धुऊन धुऊन तिचा रंग उडाला, एक कोपरा उसवला, तो मी दोनदा सांधून दिला. इतके समाधान मला त्या लोकरीच्या शालीने कधी दिले नव्हते.

तेव्हा सुई हातात घेण्याआधी, ज्याच्यासाठी विणायचे त्याला एकदा विचारा हं!