घड्याळाशेजारचा पहारेकरी

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, घड्याळाला चिकटून तो राहतो. कॉम्प्युटर सुरू केला की विंडोज धड उभी राहायच्या आत हा सरकत पुढे येतो आणि जाहीर करतो, की सगळं सुरक्षित आहे. कुणी विचारलेलं नसतं. आई आरती लावायला बसलेली असो किंवा बाबा पेन्शनची स्लिप काढायला, आधी त्याचं निवेदन ऐकायचं, मग आपलं काम. निवेदन बंद करायची फुली इतकी बारीक, की बाबांचा नेम चुकतो. नेम चुकला की त्याला वाटतं, यांना आणखी ऐकायचंय.

त्याचं नाव काय, हे महत्त्वाचं नाही. गेल्या वीसेक वर्षांत आमच्याकडे त्याच्या कुळातले बरेच जण राहून गेले. कुणी पुण्याचा, कुणी चेन्नईचा, कुणी युरोपातून फुकट आलेला. आडनावं निराळी, स्वभाव एकच. म्हणून इथे एकच 'तो' धरून चालतो.

पहिला आला तो डब्यातून. पुस्तकाएवढा पुठ्ठ्याचा डबा, आत एक सीडी, एक कागद आणि बाकी सगळी हवा. पुण्याची कंपनी आहे, एवढं दुकानदाराने म्हटलं आणि बाबांनी भाव केला नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात कारभार मांडला, त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. त्या भोसल्यांच्या मागोमाग इकडे आलेल्या घरांत आज निम्मं बोलणं हिंदीत चालतं, बाजारात छत्तीसगढी. पण पुण्याहून कुणी बाकरवडी आणली तर ती मोजून वाटली जाते. पुण्याचा अँटीव्हायरस म्हणजे आपल्याकडचाच माणूस. तो घरात येणार नाही तर कोण येणार?

आणि खरं म्हणजे त्याचा जन्म कौतुक करण्यासारखाच आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, मग कॉम्प्युटरची दुरुस्ती. नव्वदीच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींत व्हायरस निघायला लागले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. तो एकेका व्हायरसवर उतारा लिहायला बसला. ते उतारे जमत जमत 'क्विक हील' झालं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचं जुनं नाव 2007 साली बदललं आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. आयबीएम पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन', तो 1986 साली लाहोरमध्ये लिहिला दोन भावांनीच, बासित आणि अमजद फारुख अल्वी यांनी. आणि त्यात आपलं नाव, दुकानाचा पत्ता, फोन नंबर सगळं घालून ठेवलं. रोगाबरोबर वैद्याचा पत्ता! लाहोरात दोन भाऊ, पुण्यात दोन भाऊ. मधली सरहद्द ओलांडायला फ्लॉपीला व्हिसा लागत नव्हता.

त्याच्या मर्दुमकीचा काळ म्हणजे पेन ड्राइव्हचा काळ. त्या दिवसांत रायपुरात कुठलंही काम पेन ड्राइव्हशिवाय होत नव्हतं. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट, फोटो स्टुडिओतून लग्नाचे फोटो, चॉइस सेंटरमधून उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म. गल्लीतल्या गणपतीचे फोटो एकाच पेन ड्राइव्हमधून दहा घरं फिरायचे आणि अकराव्या घरी पोचायचे तेव्हा सोबत बरंच काही असायचं. 'न्यू फोल्डर' नावाचं पिवळं फोल्डर दिसायचं. आत काय आहे बघायला क्लिक केलं, की ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं सोंग घेतलेला प्रोग्राम होता. कधी सगळ्या फाइली गायब आणि जागेवर नुसते शॉर्टकट. मग 'भैया, फॉरमॅट मार दो' हा त्या काळातला अंतिम संस्कार.

यामागे विंडोज एक्सपीचा भोळेपणा होता. ड्राइव्ह लावला की त्यातली 'ऑटोरन' नावाची चिठ्ठी ती आपण होऊन वाचायची आणि चिठ्ठीत लिहिलेला प्रोग्राम चालवायला बघायची. चिठ्ठी कुणी ठेवली, हे विचारायचं नाही. 2008 च्या अखेरीस आलेला 'कॉन्फिकर' याच वाटेनेही पसरला. अशा वेळी आपला कोपऱ्यातला गडी पेन ड्राइव्ह लागताक्षणी त्यावर झडप घालायचा. आवाज करायचा, लाल खिडकी उघडायचा, पकडलेल्यांची यादी वाचून दाखवायचा. घरातली माणसं भोवती जमून बघत. त्या वर्षांत त्याने घेतलेला पैसा फिटला, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. विंडोजच्या पोटात तेव्हा धड काहीच नव्हतं.

पण पेन ड्राइव्हचा तो धुमाकूळ शेवटी ओसरला कशाने? विंडोज 7 ने यूएसबीवरची ती चिठ्ठी वाचायचं सोडून दिलं, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेटमधून तीच समज दिली. दार नीट बसवलं आणि चोरांचा एक अख्खा रस्ता बंद झाला. याने त्याचंही श्रेय घेतलं, ते वेगळं.

स्वभाव संशयी. त्याच्याकडे ओळखीच्या गुन्हेगारांच्या खुणांची वही असते, ती रोज कंपनीकडून नवी होऊन येते. वहीत नसलेल्यांना तो चालचलणुकीवरून धरतो, आणि तिथे घोटाळा होतो. क्रुतिदेवमध्ये टाइप करायला आणलेलं एक साधं सॉफ्टवेअर त्याने उचलून कोठडीत टाकलं. सोडवून आणायला माझी एक संध्याकाळ गेली. उलट, त्याची परीक्षा घ्यायला तज्ज्ञांनी मुद्दाम ठरवलेली 'आयकार' नावाची एक 68 अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून जतन करा, काहीही बिघडत नाही. पण हा असा तुटून पडतो जणू घरात दरोडेखोर शिरला. कॉम्प्युटर बसवायला येणारी चलाख पोरं हाच खेळ दाखवून नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवतात.

कॉलनीत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा आठवा. शिट्टीने चोराला कळतं की हा आता कुठल्या गल्लीत आहे. आणि आपल्याला कळतं की महिना भरत आला. याचंही तसंच. वर्ष संपत आलं की शिट्टी वाढते. आधी पिवळी खिडकी, मग तांबडी, मग 'आपण धोक्यात आहात'. धोका नेमका कसला, तर पैसे न भरल्याचा.

दरम्यान घरात दुसरा एक जण येऊन राहिला होता आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' फुकट द्यायला सुरुवात केली. 2012 च्या विंडोज 8 पासून 'डिफेंडर' म्हणून तो विंडोजबरोबरच जन्माला यायला लागला. सुरुवातीला अगदीच कच्चा. जर्मनीतली 'एव्ही-टेस्ट' ही संस्था अशा सगळ्यांच्या परीक्षा घेते. तिथे तो तळाशी असायचा आणि लोक हसायचे. तेव्हा ते हसणं रास्त होतं. पण गेली काही वर्षं तो त्याच परीक्षांत पैसे घेणाऱ्यांच्या बरोबरीने वरच्या रांगेत बसतो. याला डबा नाही, शिट्टी नाही, रिन्यू नाही. बाहेरचा पहारेकरी आला की हा निमूट बाजूला होतो. तो गेला की पुन्हा उभा राहतो. बाबांना नेमका याचाच राग. 'जो काही बोलत नाही तो काम करतो, हे कशावरून?'

यावर मी बाबांना वॉनाक्रायची गोष्ट सांगितली. 12 मे 2017 ला त्याने जगभरातल्या मशिनी कुलूपबंद केल्या, खंडणी मागितली, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रोगी परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने. ज्यांनी ते घेतलं त्यांच्याकडे त्या भगदाडातून त्याला शिरता आलं नाही. म्हणून घरच्या कॉम्प्युटरपुरतं माझं मत आता पक्कं आहे: चालू विंडोज, आलेलं अपडेट त्याच दिवशी घेणं, चोरीचं सॉफ्टवेअर न टाकणं आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क मशिनीपासून सोडवून ठेवणं. एवढं असेल तर बाहेरून पगारी माणूस ठेवायची गरज नाही. आणि एवढं नसेल तर तो असून फार उपयोग नाही. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ती तशीच चालवायची आणि वर महागडा अँटीव्हायरस बसवायचा, हा हिशेब मला कळत नाही.

शिवाय पहारेकऱ्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात, हेही आहेच. तो विंडोजच्या गाभ्यात शिरून बसतो, त्याशिवाय त्याचं काम होत नाही. अव्हास्ट या नावाजलेल्या कंपनीने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या जम्पशॉट या शाखेमार्फत विकली. त्यापायी 2024 मध्ये अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने तिच्यावर 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्याची पाळी आणली. त्याच वर्षी 19 जुलैला क्राउडस्ट्राइकचं एक चुकलेलं अपडेट सुमारे 85 लाख विंडोज मशिनींना निळ्या पडद्यावर घेऊन गेलं आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. क्राउडस्ट्राइक घरातला नव्हे, मोठ्या कंपन्यांचा रखवालदार. पण किल्ल्या त्याच जातीच्या.

मला मात्र त्याच्याबद्दल वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. चोरांनी वाट बदलली आणि याला कुणी सांगितलंच नाही. आता घरात फोन येतो. पलीकडे खाकी गणवेशातला माणूस, मागे ठाण्यासारखी भिंत, आणि तो सांगतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आता तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट'. किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीच्या चलानची म्हणून एक एपीके फाइल. शेजारच्या काकूंना असा फोन आला तेव्हा त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि कोपऱ्यात हा हिरवा टिळा लावून बसला होता. वर्षाचे पैसे भरलेले. काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन खात्यातली रक्कम सांगत होत्या आणि हा 'कोणताही धोका आढळला नाही' म्हणत होता. खोटं नव्हतं ते. मशिनीला धोका नव्हताच. काकूंची सून दुपारी लवकर घरी आली, तिने फोन हिसकावून बंद केला आणि 1930 वर कळवलं, म्हणून पैसे वाचले.

या खेपेला रिन्यूची शिट्टी सुरू झाली तसा मी बाबांच्या मागे लागलो. बरेच दिवस चाललं. शेवटी जयस्तंभ चौकातल्या ओळखीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो, ते दुसऱ्याच कामासाठी, माउस घ्यायला. पोराने सवयीने विचारलं, 'अंकलजी, एंटीवायरस का टाइम हो गया ना?'

'नहीं लेना इस बार,' बाबा म्हणाले. 'विंडोज में खुद का आता है.'

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पोरगाही. तो हळूच म्हणाला, 'वो तो है अंकलजी, घर के लिए चल जाता है. दुकान-वुकान हो तो बात अलग है.'

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. माझ्या आतेभावाची गुढियारीत किराण्याची आढत आहे. तिथे टॅलीचं मशीन एक, त्यावर बसणारी माणसं चार, जीएसटीवाल्या मुनीमजींचा पेन ड्राइव्ह दिवसाला पाच दुकानं हिंडून येणारा, आणि विंडोज कुठून आणून टाकली ते विचारायचं नाही. विंडोज आधी सरळ करायला हवी, हे मी सांगून पाहिलं. बाबांनी माउसचे पैसे दिले आणि डबाही घेतला. भाव याही वेळी केला नाही. रविवारी गुढियारीला जाऊन त्यांनी तो स्वतः बसवून घेतला, मुनीमजींना शेजारी उभं करून. पहिल्याच तपासणीत मुनीमजींच्या पेन ड्राइव्हवर सतरा सापडले. बाबांनी तिथूनच मला फोन लावला आणि यादी वाचून दाखवायला सुरुवात केली.