धुरीघराच्या भिंती

सावंतवाडी आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत पावसाळ्याची बेगमी म्हणून चोरिसांच्या माळा चुलीवर टांगलेल्या असत. मीठ, मिरची आणि माडाचा शिरका हे त्यांचे खरे राखणदार. धूर त्यांना कोरडेपणा आणि वास देई. घरात गॅस आला, चूल गेली आणि चुलीबरोबर धूरही गेला. ज्यांना माळा विकून संसार चालवायचा आहे, त्यांना आता धुरासाठी वेगळी खोली उभारावी लागते. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीने परसात असे धुरीघर बांधायचे ठरवले आणि त्या माझ्याकडे आल्या. धर्मगुरूला लोक कशाकशाबद्दल विचारतील, याची यादी सेमिनरीत कोणी देत नाही!

“फादर, जुने पत्रे फुकटचे मेळतत. ते वापरले तर काय बिघडता?”

फुकट या शब्दापुढे गरिबाला नाही म्हणणे सोपे नसते. तरीही मी नाही म्हणालो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते. भिंतीपर्यंत एवढी उष्णता पोहोचत नाही हे खरे, परंतु आगीच्या तोंडाशी ती सहज पोहोचते. शिवाय लाकडाच्या धुरात शिरक्यातलेच आम्ल असते, ते जस्ताला खात राहते. आणि पातळ पत्रा रात्री गार पडला की त्यावर धूर निवून काळे, कडू थेंब माळांवर टपकतात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचे तर नावही नको. तो आगीत तडकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसांत घर करतात. प्लायवुडमधला गोंदही तापला की वाफ सोडतो. जे धुराच्या वाटेत येईल ते शेवटी कोणाच्या तरी मुलांच्या ताटात जाईल, एवढेच मी त्यांना सांगितले.

मग उरतो आपला चिरा. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तान्तात त्याला लॅटराइट म्हटले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. (सेमिनरीतले लॅटिन अशा आडवाटेलाच उपयोगी पडते.) खाणीत हा दगड मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. जाड चिऱ्याची भिंत ऊब धरून ठेवते, म्हणून धूर तिच्यावर लवकर निवत नाही. मात्र चिरा पाणी पितो. ओला दगड एकदम तापला तर फुटायची भीती. म्हणून आगीच्या तोंडाशी भाजलेल्या विटा आणि सांध्यांत मातीचा गिलावा. सिमेंट तिथे टिकत नाही. आग खोलीपासून सात-आठ फूट दूर, मधे झाकलेला चर, म्हणजे धूर निवत येतो आणि चरबी निखाऱ्यावर गळत नाही. वर मंगलोरी कौले, कारण त्यांच्या फटींतून वाफ निघून जाते. दार फणसाचे, पण रंग वा व्हार्निश न लावलेले. जळण सुक्या आंब्याचे. जुन्या रंगवलेल्या चौकटी मुळीच नकोत.

चिऱ्यांसाठी त्यांनी भिशीचे पैसे मोडले. तो आकडा ऐकून मी काही वेळ गप्प बसलो. फुकटचे पत्रे सरपणाच्या ढिगावर गेले. आता त्या रोज संध्याकाळी रिकाम्या धुरीघरात लहानशी आग घालतात. आतल्या भिंती घाम गाळणे थांबवतील, तेव्हाच पहिली माळ चढायची.